पाटापासून गोठ्यापर्यंत

आमच्या गावाबाहेर जामद्याच्या कालव्याची एक चारी रस्ता ओलांडते. तिच्यावर छोटा पूल आहे, कठडा कधीचाच पडलेला. पुलापासून रस्ता आमच्या मळ्याकडे किंचित उतरतो. चालताना कळत नाही, सायकलवर कळतो. या पुलावर आलं की अण्णा, माझे वडील, पिकअपचा गिअर काढायचे, पाय सगळ्या पेडलांवरून उचलायचे आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून शांत बसायचे. गाडी आपली आपण घरंगळत यायची. चाकाखाली मुरमाची करकर, मागे रिकाम्या कॅरेटांचा खडखडाट, आणि गोठ्याच्या दारातल्या निंबाखाली येऊन गाडी उभी. ब्रेकवर पाय ठेवायची गरजच पडायची नाही. आजी म्हणायची, "गाडीले घर ठाऊक शे, बैलले ऱ्हास तसं."

गाडी २००६ सालची. ती दारात आली तेव्हा मी दहावीला होतो. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, मागच्यांना ड्रम ब्रेक, डिझेल इंजिन, हौद्याला आतून ठोकलेल्या बाभळीच्या फळ्या. तेव्हापासून आठवड्यातल्या तीन रात्री ठरलेल्या: गिरणाकाठची वांगी, दुधी, मिरची भरायची, चाळीसगावातून निघून कन्नड घाट चढायचा, पहाटे चारच्या आत संभाजीनगरच्या जाधववाडी मार्केटला कॅरेट उतरवायचे आणि ऊन तापायच्या आत घाट उतरून परत. आधी अण्णा चालवायचे, मी शेजारी. आता मी चालवतो आणि झोप येत नसेल त्या रात्री अण्णा शेजारी बसतात.

मागच्या उन्हाळ्यात गाडी पुलावरून सुटली की निम्म्या वाटेतच थांबायला लागली. अण्णा एकदा म्हणालेही, "गाडी निंबलोंग येत नही आते." मी म्हणालो, रस्ता उखडलाय, मुरूम सैल झालाय. त्यांनी मान हलवली आणि विषय तिथंच राहिला. या एका वाक्याकडे मी त्या दिवशी नीट कान दिला असता तर पुढचे अडीच महिने वाचले असते.

तक्रार माझ्या लेखी वेगळीच होती. गाडी ओढेना. घाटात जिथं तिसऱ्या गिअरवर निघायची तिथं दुसरा मागायला लागली. भर सपाटीवर चाळीसगाव ते हातगावच्या पट्ट्यातही ॲक्सिलरेटर आणखी दाबावा असं वाटायचं. डिझेल जास्त. मग जे सगळे करतात ते मीही केलं. डिझेल फिल्टर बदलला, एअर फिल्टर बदलला. इंजेक्टर काढून तपासून आणले. एका मोठ्या गॅरेजवाल्यानं ब्रेकसाठीही चाकं वर उचलून फिरवून पाहिली, चारही चाकं मोकळी फिरली, आणि त्यानं इंजिनकामाचा अंदाज लिहून दिला. तोवर साडेअकरा हजार गेले होते. घरी, पारावर, मार्केटमध्ये ज्याला सांगावं तो एकच म्हणायचा: म्हातारी झाली गाडी, किती ओढणार. आणि मीही ते म्हणायला लागलो होतो. या वाक्याचा मला आता राग येतो. 'जुनी झाली' हे काही दुखणं नव्हे. जुनी झाली म्हणजे कुठलं रबर फुगलं, कुठली पिन गंजली, कुठला पाइप आतून मिटला, ते सांगायला हवं. तेवढं शोधायचा कंटाळा आला की आपण वयावर टाकतो.

इंजिन खोलायला गाडी सोडणार त्याच्या आदल्या संध्याकाळी अण्णांनी डॅशबोर्डमधली वही काढली. लांब, लाल पुठ्ठ्याची, रबरानं बांधलेली. डिझेल भरलं की किलोमीटर, लिटर आणि तारीख, एवढंच त्यात असतं. दर भरण्याला ते टाकी पूर्ण करतात, म्हणजे हिशेब बरोबर बसतो. समासात त्यांच्या खुणा असतात: 'नवे टायर', 'पोळा', 'घाट बंद'. अण्णांनी माझ्यापुढे वही धरली आणि बोट एका ओळीवर ठेवलं. तिथपर्यंत लिटरला साडेबारा, तेरा पडत होते. त्या ओळीपासून पुढे बारा, अकरा, हिवाळ्यात पुन्हा थोडे वर, मग फाल्गुनापासून साडेदहा, दहा, नऊ. इंजिन दमतं तेव्हा महिन्यागणिक थोडं थोडं दमतं. हे एका विशिष्ट दिवसापासून सुरू झालेलं होतं, थंडीत कमी होणारं आणि उन्हाळ्यात वाढणारं. त्या ओळीच्या समासात अण्णांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'ब्रेक टाइट केला'.

तो मीच केला होता.

त्यामागची रात्र सांगायला हवी. कन्नड घाटाचं कागदावरचं नाव औट्रम घाट. १८२५ मध्ये खानदेशात येऊन भिल्लांची पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमचं हे नाव. पण आमच्याकडे तो नुसता घाट. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस त्यात मोठी दरड कोसळली. गाड्या दगडमातीत अडकल्या, रस्ता बंद झाला. घाट पुन्हा सुरू झाल्यावर तिथून जाताना डोळा आपोआप डोंगराकडे जायचा. तो रस्ता वीस वर्षं पायाखालचा, पण त्या पावसाळ्यानंतर मी त्यात पूर्वीसारखा बसलो नाही. अशातच त्या उन्हाळ्याच्या आदल्या पावसाळ्यात एका रात्री उतरताना वळणावर बंद पडलेला ट्रक समोर आला. मी ब्रेक दाबला तर पेडल आधी नुसतंच आत गेलं आणि खूप खाली गेल्यावर धरलं. गाडी थांबली ती ट्रकच्या मागच्या फळीपासून हातभर अंतरावर. काचेवर त्याच्या रिफ्लेक्टरचा लाल उजेड पडला होता. तो मला अजून दिसतो.

दुसऱ्या दिवशी पेडलखाली डोकं घालून बूस्टरकडे, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याकडे, जाणाऱ्या दांड्याचं चेकनट सैल केलं आणि दांडा फिरवून लांब केला. पेडल टेकताक्षणी ब्रेक धरायला लागला. केवढं बरं वाटलं. पेडलचा जो थोडासा रिकामा प्ले असतो तो मी संपवला होता आणि मला वाटलं होतं की मी ब्रेक सुधारला.

वहीतली ओळ पाहिल्यावर इंजिन खोलणं थांबवलं आणि गाडी चाळीसगावात मालेगाव रोडच्या एका जुन्या मिस्तरीकडे नेली. सत्तरीचा माणूस. पत्र्याच्या शेडमध्ये गाडी टेकवायच्या दोनच लोखंडी घोड्या, एक जॅक आणि पान्यांची लाकडी पेटी. त्यांना सगळे मिस्तरीबाबा म्हणतात. मी सांगायला लागलो तसं त्यांनी मला थांबवलं.

"थंडी गाडी माले नको दखाडू. पंधरा किलोमीटर फिरी ये. गावमातून जाय, ब्रेक मारत जाय. नि आठे येताना ब्रेक नको मारू."

गावातून, रेल्वे फाटकाच्या गर्दीतून, बसस्टँडवरून फिरून आलो. शेडसमोर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तर गाडी पाच-सात हातांत आपली आपण थांबली. पुढे ढकलायलाही जागा असताना. बाबा काही बोलले नाहीत. बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन त्यांनी बोटांनी प्रत्येक चाकाच्या मधोमध शिंतोडे उडवले, तुळशीला पाणी घालताना शेवटचे थेंब झटकावेत तसे. मागच्या दोन्ही चाकांवर थेंब हळूहळू वाळले. पुढच्या उजव्यावर चर्र झालं. पुढच्या डाव्यावर थेंब बसलेच नाहीत, उडाले. आणि वास आला, तोच घाटातला वास, जो मी इतके महिने दुसऱ्याच्या ट्रकचा समजत होतो.

"हात नको लाऊ, चामडी निंघी जाई," बाबा म्हणाले. "गाडी म्हतारी नही व्हयनी. गाडीना ब्रेक धरी राहयना."

मग कळलं मोठ्या गॅरेजमध्ये चाकं मोकळी का फिरली होती. गाडी तिथं रात्रभर उभी होती. सकाळी थंड चाकं उचलली तर ती फिरणारच. हा आजार गरम झाल्यावर दिसणारा, म्हणून गरम असतानाच पाहायला हवा होता. मागच्या चाकांना दगड लावून दहा मिनिटांत त्यांनी पुढची बाजू दोन घोड्यांवर घेतली. चाक धरून वर-खाली हलवलं, बेअरिंग आवळून बसलंय का ते पाहिलं, कारण बेअरिंग जास्त आवळलं तरी चाकाची वाटी अशीच तापते. बेअरिंग ठीक होतं. चाक हातानं फिरवलं तर पाव फेराही होईना. दोन्ही.

इथून पुढे बाबांनी जे केलं ते मी मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण मला ते अजून डोळ्यांसमोर घडताना दिसतं आणि कारण जुनी गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

पहिलं त्यांनी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीचं टोपण काढलं. तेल चिमटीत घेऊन चोळलं, वास घेतला, आणि टोपणाखालचं रबर उलटंपालटं करून पाहिलं. "कोनतं तेल टाकं व्हतं?" मी सांगितलं, ब्रेक ऑइलच. कोणी चुकून इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं तेल टाकलं की ब्रेकमधली सगळी रबरं फुगतात, पिस्टन जागेवर जखडतात आणि चारही चाकं धरून बसतात. मग नुसतं तेल बदलून भागत नाही, रबर अन् रबर बदलावं लागतं. टोपणाचं रबर फुगलेलं नव्हतं. तेल मात्र काळं झालं होतं.

मग त्यांनी मला आत बसवलं. "पेडल दाब, सोड." स्वतः डबीत टॉर्च मारून पाहत राहिले. पुन्हा दाब, पुन्हा सोड. "ये, तू देख, मी दाबस." मी वाकून पाहिलं. तेल निश्चल. साधी सुरकुतीही नाही.

पेडलचा जोर तेलाच्या दाबात बदलणाऱ्या मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक भोक असतं, सुईच्या टोकाएवढं, थेट वरच्या डबीत उघडणारं. पेडल पूर्ण मागे असेल तेव्हाच ते उघडं असतं. दाबताना पिस्टन पुढे सरकून ते झाकतो आणि मग दाब तयार होतो. झाकलं जाण्याआधीच्या त्या क्षणी डबीत एक छोटी उकळी दिसते. तीच दिसायला हवी होती. गाडी चालून ब्रेक तापले की पाइपातलं तेल फुगतं, आणि फुगलेलं तेल याच भोकातून डबीत परत जातं. पेडलला नखभर रिकामा प्ले ठेवतात तो यासाठी. मी दांडा लांब करून पिस्टनला कायमचा पुढे दाबून ठेवला होता. भोक बंद. तेल तापलं, फुगलं, जायला वाट नाही, म्हणून त्यानंच ब्रेक दाबला. दाबला म्हणून आणखी तापलं. थंड झालं की आक्रसलं, चाकं मोकळी. हिवाळ्यात कमी, चैत्र-वैशाखात जास्त. अण्णांच्या वहीतला चढउतार सगळा त्या सुईच्या भोकात होता.

बाबांनी खात्री मात्र सोडली नाही. इंजिन बंद करून पेडल पाच-सहा वेळा दाबून बूस्टरमधली ओढ संपवली, तरी चाकं जखडलेलीच. म्हणजे नुसतं बूस्टरचं काम नव्हे. मग मास्टर सिलिंडर बूस्टरला धरून ठेवणारे दोन नट सैल केले आणि सिलिंडर किंचित पुढे ओढला. पाइप न खोलता, न वाकवता, बोटाच्या पेरापेक्षाही कमी. डबीत बुडबुड करून तेल वर आलं. आणि माझ्या डोळ्यांदेखत, कोणी हात न लावता, उजव्या चाकाच्या डिस्कजवळून बारीक 'टक' आवाज आला. बाबांनी चाकाला टिचकी दिली. फिरलं. फिरत राहिलं.

डावं जागचं हललं नाही.

इथं एखाद्यानं कॅलिपर, म्हणजे डिस्क चिमटीत धरणारा भाग, काढला असता, पिस्टन जाम म्हणून नवा टाकला असता. बाबांनी डाव्या कॅलिपरच्या निप्पलला, तेल बाहेर काढायच्या तोटीला, पारदर्शक नळी लावली, तिचं दुसरं टोक बाटलीत सोडलं आणि पान्यानं निप्पल अर्धा फेर सैल केलं. पेडलवर कोणाचाही पाय नसताना तेलाची पिचकारी नळीतून बाटलीत गेली. काळं तेल. चाक मोकळं.

"आते सांग," ते माझ्याकडे पाहून म्हणाले. "वरला दाब तं कव्हयच उतरी गया. मंग हाई तेल कोठे दपी बसेल व्हतं?"

मी विचार केला. मास्टर सिलिंडरकडचा दाब सुटला होता, उजव्या चाकानं ते दाखवलं होतं. डाव्या कॅलिपरमध्ये दाब होता, पिचकारीनं ते दाखवलं. निप्पल सोडल्यावर चाक सुटलं, म्हणजे पिस्टन जाम नव्हता. मधे राहिला तो रबरी होज पाइप. बाहेरून चांगला होता, एक चीरही नव्हती. बाबांनी तो काढून एका टोकाला तोंड लावून फुंकलं. गाल फुगले, हवा जेमतेम गेली. आतलं अस्तर सुटून त्याची एक पाकळी आत लोंबत होती. पेडल दाबलं की जोर मोठा असतो, तेल पाकळी बाजूला सारून पुढे जातं. पेडल सोडलं की परत ढकलणारा जोर फार थोडा, पाकळी मिटते. तेल जातं, येत नाही. त्यांनी ब्लेडनं पाइप उभा चिरून मला दाखवला. आत काळं, मऊ, भिजलेल्या चिंचेच्या सालीसारखं काहीतरी होतं. वीस वर्षं त्यातून माझ्या वडिलांचा आणि माझा जीव रोज घाट उतरला होता.

तर असे दोन दोष. एक माझ्या हातचा, एक काळाचा. पहिल्यानं दुसरा झाकला होता. फक्त दांडा पूर्ववत केला असता तरी गाडी डावीकडे ओढत राहिली असती, फक्त पाइप बदलला असता तरी उन्हात पुन्हा जखडली असती. गाडी असं एकापाठी एक लपवते तेव्हा घाईनं सुटा भाग बदलणारा माणूस हरतो, पाणी शिंपडून थांबणारा माणूस जिंकतो.

चहा आला. बाबा बाकावर टेकले आणि मग मला जरा बोलले. मागच्या चाकांचे ड्रम उघडून ठेवले होते. ड्रमला आतून घासून चाक धरणारे लायनर झिजले होते, ड्रमपासून लांब गेले होते, म्हणूनच त्या रात्री पेडल खोल गेलं होतं. लायनर ड्रमजवळ आणणारा ॲडजस्टर चार-सहा दाते फिरवला असता तर पेडल आपोआप वर आलं असतं.

"मांगना लायनर घसाई ग्यात, ते सोडीसन तू दांडा लांबा कया," ते म्हणाले. "धराले लागस म्हनीसन लोके ब्रेकले देखतस. सोडस का नही, ते कोनी देखत नही."

मी तेव्हापासून ज्याला त्याला हेच विचारतो. तुझा ब्रेक सोडतो का? ब्रेक धरला नाही तर माणूस मरतो, त्याची भीती सगळ्यांना आहे आणि ती खरीच आहे. सुटला नाही तर नुसतं डिझेल जळतं असं वाटतं. पण सतत घासत राहिलेला ब्रेक तेल तापवत राहतो, आणि ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेणारं असतं. ताजं डॉट ३ दर्जाचं तेल कमीत कमी २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर त्याची हमी १४० अंशांवर येते. डॉट ४ चं २३० वरून १५५. तेल उकळलं की पाइपात वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल थेट खाली जातं. म्हणजे न सोडणारा ब्रेक अखेर धरतही नाही. मी ज्या भीतीनं दांडा आवळला होता, तीच भीती खरी व्हायची वाट मी घाटात रोज तयार करत होतो. हे लक्षात आलं तेव्हा हातातला चहा गार झाला होता.

काम संध्याकाळपर्यंत चाललं. पुढचे दोन्ही होज नवे टाकले, कारण एक मिटला तर त्याच्याच वयाचा दुसरा किती दिवस राहणार. कॅलिपरच्या सरकत्या पिना काढून सँडपेपरनं घासून ग्रीस लावलं, डावीकडची पिन कोरडी झाली होती. हँडब्रेकची वायर एका आच्छादनात गंजून अडकत होती, ती सोडवली. आम्ही हँडब्रेक वापरायचोच नाही, दगड लावायचो, म्हणून ती गंजली. मागचे लायनर ड्रमपर्यंत जुळवले, चाक फिरवताना अगदी हलका स्पर्श ऐकू येईपर्यंत आणलं आणि मग एक दाता मागे. दांडा मूळ जागी नेला. स्टॉप लाइटचा स्विच पेडलला पुढे दाबत नाही ना, तेही पाहिलं, कारण तो चुकीचा बसला तरी हाच प्ले खातो. सगळं तेल बदललं, चारही चाकांच्या ब्रेक पाइपांतली हवा काढली, लांबच्या चाकापासून जवळच्यापर्यंत.

शेवटी बाबांनी मला पेडलवर बसवलं, पायानं नाही, हातानं. दोन बोटांनी पेडल दाबायला सांगितलं. आधी काहीच नाही, बोटांना पोकळ लागलं, मग दांडा टेकल्याचं कळलं. ती पोकळी नखाएवढी होती. "हाऊ ऱ्हावाले पाहिजे," ते म्हणाले, "हाऊ नही ते ब्रेक नही." मग डबीत टॉर्च मारून मी पाहिलं आणि शेडमधल्या पोरानं पेडल दाबलं. डबीच्या तळाशी सुईएवढा झरा उसळला आणि विरला. मी त्याला आणखी तीन-चार वेळा दाबायला लावलं. कामासाठी नाही, पाहण्यासाठी. विहिरीला पहिलं पाणी लागतं तेव्हा खडकातून जशी उकळी येते तसं ते दिसतं. माझ्या आयुष्यात मी इतकं लहान आणि इतकं मोलाचं पाणी, म्हणजे तेल, पाहिलं नाही.

सगळ्याचं बिल इंजेक्टर तपासायला दिले होते त्याच्या निम्म्यानंही आलं नाही. मी जास्त द्यायला गेलो तर बाबांनी नोट परत केली आणि चिरलेला होज हातात दिला. तो आता डॅशबोर्डमध्ये वहीशेजारी असतो.

त्या रात्री मार्केटला गेलो नाही, पण दुसऱ्या रात्री गेलो. भरलेली गाडी घाटात तिसऱ्यावर चढली. उतरताना मी नेहमीचा नियम पाळला: ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, इंजिननं गाडी धरायची, ब्रेक थोडा दाबायचा आणि पूर्ण सोडायचा, त्याच्यावर पाय टेकवून ठेवायचा नाही. घाटात गिअर काढून गाडी सोडणं हा जिवाशी खेळ आहे, ते पुलावर चालतं ते फक्त आपल्याच मळ्याच्या वाटेवर, रिकाम्या गाडीनं, पायी चालणाऱ्याच्या वेगानं. पायथ्याशी उतरून मी चारही चाकांवर पाणी शिंपडलं. पुढची गरम होती, ती असणारच, पण डावं-उजवं सारखं. वास नव्हता. करंजाच्या फुलांचा होता.

सकाळी साडेआठला चारीच्या पुलावर आलो. अण्णा शेजारी होते. मी गिअर काढला, पाय उचलले. अण्णांनी खिडकीची काच खाली केली. मुरूम करकरायला लागला, कॅरेट खडखडले, चारीच्या कडेची बाभळ गेली, आबाच्या शेताचा बांध गेला, जिथं उन्हाळाभर थांबत होतो तो दगड गेला. गोठ्यातल्या म्हशीनं मान वर केली. गाडी मंदावत मंदावत निंबाच्या सावलीच्या काठावर आली आणि सावलीत शिरायला दोन हात कमी असताना थांबली.

मी अण्णांकडे पाहिलं. ते अजून पुढच्या काचेतून निंबाकडे पाहत होते. मग दार उघडून उतरले, मागे गेले, टायरवर टाच मारली.

"मांगना चाकमा हवा कमी शे," ते म्हणाले. "दुपारले भरी ये."